सामाईक परस, वर घरमालक, खाली भाडेकरू: नव्या करारात बागेबद्दल काय लिहावं?

तळमजला_सुदामानगर विचारतात:

नमस्कार. घर इंदूरला सुदामा नगरात, दुमजली. वर घरमालक काका-काकू, खाली आम्ही भाड्याने. मागे ३० बाय १८ फुटांचं परस आहे, ते दोघांचं. आमच्या स्वयंपाकघराचं दार थेट परसात उघडतं, काकूंना बाहेरच्या जिन्याने उतरून यावं लागतं. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि तुळशी वृंदावन आधीपासूनचं. ड्रेनेजचे दोन चेंबरही तिथेच आहेत. आम्ही लावलं ते असं: मेथी-पालकाचे दोन वाफे, टोमॅटो, मांडवावर गिलकी, जमिनीत मोगऱ्याची सहा रोपं, आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून विटा रचून केलेला एक उंच वाफा. एका कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा.

करार ११ महिन्यांचा आहे आणि बागेबद्दल त्यात एकच ओळ आहे, "परस दोन्ही पक्ष वापरतील". जुलैत नवा करार करायचा आहे. तोंडी बोलाचाली पुष्कळ झाली, आता कागदावर नीट आणायचं आहे. वादाचे मुद्दे:

पाणी. नर्मदेचं एक दिवसाआड येतं, बाकी बोरिंगचं. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी. उन्हाळ्यात संध्याकाळी बागेला पाणी दिलं की रात्री वरच्यांच्या नळाला धार राहत नाही.

लिंबं कोणाची? झाड काकांचं, पण वर्षभर आळं करणं, खत, पाणी आमच्याकडे.

भिंतीला लागून असलेला वाफा लगेच काढा, असं काका म्हणतात. काकूंचं म्हणणं, कंपोस्टचा वास वरच्या खिडकीत येतो.

आणि उद्या घर सोडलं तर मोगरा नेता येईल का?

भांडण वाढवायचं नाही. माणसं चांगली आहेत. काय योग्य आणि काय नाही, हे जाणकारांनी सांगावं.

---

कलमबहाद्दर यांचं उत्तर:

आधी कायद्याची चौकट सांगतो, कारण तुमच्या चारही मुद्द्यांची मुळं त्या एका ओळीत आहेत. "दोन्ही पक्ष वापरतील" यातून हे कळतच नाही की परस तुम्हाला घराबरोबर भाड्याने दिलं आहे, की फक्त वापरायची परवानगी दिली आहे. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम २ मध्ये 'स्थान' या शब्दाच्या व्याख्येत इमारतीला जोडलेली बाग, मोकळी जागा, गॅरेज आणि आउटहाउस येतात. म्हणजे भाडेकरारात परस सामील आहे असं लिहिलं, तर ते तुमच्या भाड्याच्या जागेचाच भाग ठरतं. नुसती परवानगी असेल तर गोष्ट भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ कडे जाते. त्यात परवानगी सहसा मालकाला मागे घेता येते. पण कलम ६० प्रमाणे, परवानगीच्या भरवशावर कोणी स्वतःचा पैसा घालून कायमस्वरूपी काम केलं असेल तर ती परत घेता येत नाही. विटांचा वाफा पाहून काका अस्वस्थ का होतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. सिमेंटने जोडलेलं काहीही मालकाला "उद्या हे हक्क सांगतील" असं वाटायला लावतं. म्हणून तुम्ही आपणहून लिहून द्या की कोणताही वाफा सिमेंटने बांधणार नाही आणि सांगितल्यावर सुटा करून नेता येईल असाच ठेवू.

मोगऱ्याबद्दल. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८(ज) नुसार भाडेकरूने जमिनीला जोडलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात, आणि 'जमिनीला जोडलेलं' यात कलम ३ प्रमाणे मूळ धरलेली झाडं-झुडपंही येतात. अट दोन गोष्टींची. जागा जशी मिळाली तशी परत करायची, म्हणजे खड्डे बुजवून माती सपाट करायची. आणि हे सगळं ताबा असतानाच करायचं. किल्ल्या दिल्यानंतर "रविवारी येऊन रोपं नेतो" म्हणायचा हक्क राहत नाही. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते, कारण सामान हलवण्याच्या गडबडीत बाग शेवटी आठवते.

उभ्या भाजीचं मात्र वेगळं आहे. त्याच कलमात पुढे तरतूद आहे की भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूला त्याने पेरलेलं पीक काढून नेता येतं, पण ती ज्या भाडेपट्ट्याची मुदत अनिश्चित असते त्याच्यासाठी. तुमचा करार ११ महिन्यांचा, मुदत ठरलेली. तेव्हा गिलकी वेलावर लगडलेली असताना करार संपला, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहील असं गृहीत धरू नका. करारातच लिहून घ्या: "करार संपल्यावर उभं पीक काढण्यासाठी १५ दिवस, सकाळी ८ ते १० या वेळेत परसात येण्याची मुभा."

लिंबू मालकाचं आणि आधीपासूनचं. परस भाड्यात सामील असेल तर करार चालू असताना फळं वापरायचा हक्क भाडेकरूकडे येतो. झाड तोडायचा येत नाही, फांद्या कापून विकायचा तर नाहीच. पण कलम १०८ ची ही सगळी यादी 'वेगळा करार नसेल तर' लागू होते. म्हणून फळांचा हिशेब लिहून टाका. माझा सल्ला 'निम्मे-निम्मे' असं लिहू नका, निम्मं कोण मोजणार? वार ठरवा. सोम-बुध-शुक्र खालचे तोडतील, मंगळ-गुरु-शनि वरचे, रविवारी कोणीही नाही. मोजदाद लागत नाही.

मोठं झाड पाडायचा किंवा छाटायचा विषय निघाला तर घरमालकाचा होकार पुरत नाही. मध्य प्रदेशात शहरी भागासाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण अधिनियम आहे, महापालिकेची परवानगी आधी घ्यावी लागते.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंसाठी. वाद कितीही चिघळला तरी घरमालकाने घरातल्या वापराचं पाणी किंवा वीज तोडू नये. ते १९६१ च्या कायद्यात मनाई असलेलं कृत्य आहे, भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे तक्रार होते. बागेच्या नळाची चावी वेगळी असणं म्हणूनच दोघांच्या सोयीचं.

---

माती_पाणी_उतार यांचं उत्तर:

भिंतीच्या वाफ्याबद्दल काकांचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि कारण कायद्याचं नाही, मातीचं आहे.

इंदूरची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात परसात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराच्या एकाच बाजूला पायाजवळ रोज पाणी मुरत राहिलं आणि बाकी तीन बाजू कोरड्या राहिल्या, तर पाया एका अंगाने वर-खाली होतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांसारखी तिरकी भेग वर चढते. प्लास्टर करून ती जात नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते.

दुसरं, तुमच्या उंच वाफ्याची माती भिंतीच्या ओलरोधक थराच्या वर गेली असणार. तो थर जोत्याच्या पातळीला असतो आणि बाहेरची माती त्याच्या किमान ६ इंच खाली हवी. माती वर गेली की ओल थर ओलांडून थेट विटांत शिरते. आतल्या भिंतीला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर पापुद्रे सुटू लागले, पांढरा क्षार दिसू लागला, तर समजा की हेच झालंय. तिसरं वाळवी. बांधकामाच्या वेळी पायाभोवतीच्या मातीत वाळवीरोधक औषध दिलेलं असतं, भिंतीलगत खणलं की ते कडं तुटतं.

तेव्हा वाफा काढा. भिंतीपासून ५ फूट पट्ट्यात काहीही पेरू नका. त्यातला भिंतीलगतचा अडीच-तीन फूट भाग सिमेंटचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला हवा, त्याला बांधकामवाले प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. ते फुटलेलं असेल तर दुरुस्ती मालकाची, हे करारात घाला. त्या पट्ट्यावर कुंड्या ठेवता येतील, पण खाली ताटली आणि ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला सात-दहा दिवस पुरतात.

झाडांचं अंतर: शेवगा आणि सीताफळ भिंतीपासून १० फूट, पपई ५ फूट चालते. वड, पिंपळ, उंबर यांचं आपोआप उगवलेलं रोप बोटभर असतानाच उपटा. चेंबरच्या झाकणाभोवती ४ फूट मोकळं ठेवा. मुळं पाइपच्या सांध्यातून आत शिरतात, आत केसांच्या झुबक्यासारखी जाळी होते आणि पहिल्या मोठ्या पावसात तुंबतं. चेंबरवर कुंडी ठेवणं हेही भांडणाचं कारण असतं, कारण सफाईवाला आला की कुंडी कोणी हलवायची यावरून सुरू होतं.

आता पाणी. यात भावना बाजूला ठेवून आकडे बघा.

कडक उन्हाळ्यात भाजीला दिवसाला चौरस मीटरमागे साधारण ६ लिटर लागतं. १० बाय ४ फुटांचा वाफा म्हणजे ३.७ चौरस मीटर, म्हणजे २२ लिटर, दीड बादली. तुमची सगळी लागवड मिळून २० चौरस मीटर धरली तरी १२० लिटरात भागतं. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला १०-१२ लिटर येतात. नळी सोडून अर्धा तास गप्पा मारल्या की ३०० ते ३६० लिटर, म्हणजे टाकीचा तिसरा हिस्सा. वरच्यांचं पाणी बागेने नाही खाल्लं, नळीने खाल्लं. तुमची नळी किती देते ते १५ लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन दोघांच्या समोर मोजा.

मीटर बसवणं हा पहिला सुचणारा उपाय, पण त्यात दोन खोडी आहेत. एक दिवसाआड येणाऱ्या लाइनीवर मीटर लावलं तर पाण्याआधी येणारी हवाच ते फिरवते. टाकीच्या खाली ठिबकच्या लाइनीवर लावलं तर प्रवाह इतका बारीक असतो की काटा हलतच नाही. त्यापेक्षा मोजमाप म्हणून ड्रम ठेवा.

बागेसाठी २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, ३ फूट उंच लोखंडी स्टँडवर. स्टँडखाली चारी पायांना फरशीचे तुकडे, नाहीतर काळ्या मातीत एक पाय रुततो आणि ड्रम कलंडतो. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर जातो, लहान मुलं असतील तर हे हसण्यावारी नेऊ नका. तळापासून २ इंच वर अर्ध्या इंची टाकी-निपल, मग बॉल व्हॉल्व्ह, जाळीचा फिल्टर, १६ मिमीची नळी. तोंडावर झाकण आणि त्याखाली सुती कापड. ड्रम दिवसातून एकदाच भरायचा, दुपारी २ ते ४ मध्ये, बोरिंगच्या पाण्याने. नर्मदेचं पाणी बागेला नाही. ड्रम संपला की त्या दिवसाचं पाणी संपलं. मीटर नको, वही नको, संशय नको.

ठिबक करणार असाल तर इतकं लक्षात घ्या: ताशी २ लिटर लिहिलेला ड्रिपर तो आकडा १ बार दाबाला देतो. ३ फुटांवरच्या ड्रमचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणून हातात ताशी ६०० मिलीच्या आसपास येतं. चाळीस ड्रिपर असतील तर ताशी २४-२५ लिटर, १२० लिटरला पाच तास. रात्री सोडून सकाळी बंद केलं तरी चालतं. दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर इथे घेऊ नका, एवढ्या कमी दाबाला त्यांचा पडदा नीट कामच करत नाही. तपासायला एका ड्रिपरखाली १५ मिनिटं वाटी ठेवा, आलेलं पाणी गुणिले चार. बोरिंगच्या जड पाण्याने भोकांवर पांढरं साचतं. ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले की मोकळे होतात.

आरओचं वाया जाणारं पाणी लिंबू आणि मोगऱ्याला घालू नका. आपली माती आधीच अल्कधर्मी, त्यात क्षार वाढले की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचं लक्षण. "तुम्ही पाणी घालत नाही म्हणून झाड पिवळं पडलं" असा आरोप यावरूनच होतो आणि पाणी वाढवलं की झाड आणखी बिघडतं. चिलेटेड लोहाची (झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी पाकिटावरच्या मात्रेने, संध्याकाळी.

---

तळमजला_सुदामानगर:

दोघांचे मनापासून आभार. वाफा या आठवड्यात काढतो. भिंतीला आतून पापुद्रे सुटलेलेच आहेत, आम्ही रंगाचा दोष समजत होतो. मोगरा नेता येतो हे कळलं, पण जमिनीतला मोगरा काढून जगतो का? आणि कंपोस्ट बंदच करावं लागेल का? घरात ओला कचरा बराच निघतो.

---

बारदान_आणि_कुदळ यांचं उत्तर:

मोगरा जगतो, घाई केली नाही तर. सगळ्यात चांगला काळ पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्ट. मे मध्ये घर सोडायचं असेल तर मार्चपासून तयारी करा.

काढायच्या महिनाभर आधी खोडापासून ८-९ इंचांवर गोल चर धारदार कुदळीने उतरवा, पण अर्धाच गोल. उरलेला अर्धा पंधरा दिवसांनी. चरात कुजलेलं खत आणि वाळू भरा, आत नवी तंतुमुळं फुटतात. काढायच्या दिवशी माती वाफशावर हवी. आपल्या मातीत हेच चुकतं. ओली असली तर गोळा चिकटून लोंबतो आणि स्वतःच्या वजनाने फुटतो, कोरडी असली तर भेग पडते तिच्याबरोबर मुळंही तुटतात. दोन दिवस आधी भरपूर पाणी, मग थांबायचं. मूठभर माती दाबली की लाडू झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. फांद्या एक तृतीयांश छाटा, गोळा ओल्या बारदानात घट्ट बांधा, सुतळी खोडाला नाही, बारदानाला. नव्या जागी दहा-बारा दिवस सावली.

कढीपत्ता काढायच्या फंदात पडू नका, सोटमूळ तुटलं की बहुधा जातो. आजूबाजूला फुटलेली पिल्लं पावसाळ्यात वेगळी करून पिशवीत लावा. मालकाचं झाड जागेवर आणि तुमच्याकडे रोप.

पुढच्या वेळी मोगरा १४ इंची कुंडीत किंवा ग्रो-बॅगमध्येच ठेवा. भाड्याच्या घरात जमिनीत फक्त हंगामी भाजी लावावी, असं माझं ठाम मत आहे. मग नेण्या-न नेण्याचा प्रश्नच राहत नाही.

कंपोस्ट. नीट चाललेल्या कंपोस्टला ओल्या मातीचा वास येतो. आंबूस किंवा कुजका वास म्हणजे आत हवा नाही, ओल जास्त झाली आहे. खड्डा हीच अडचण आहे: काळ्या मातीत पाणी झिरपत नाही, पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं. खड्डा बुजवा आणि जमिनीवर, खाली ४ इंच काड्या घालून, सगळ्या बाजूंनी भोकं पाडलेला झाकणाचा ड्रम ठेवा. एक डबा ओला कचरा टाकला की दोन डबे वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा, आणि सगळ्यात वर नेहमी कोरडा थर. आठवड्यातून एकदा खालवर. शिजवलेलं अन्न, तेल, दूध नाही. मूठभर माल घट्ट पिळला की दोन-चार थेंबांपेक्षा जास्त पाणी येऊ नये. वास आलाच तर त्याच दिवशी उलटून दुप्पट पाला. ड्रम कुठे ठेवायचा ते काकूंना विचारून ठरवा, वरच्या कोणत्या खिडकीखाली नको ते त्यांनाच ठाऊक. दोन-तीन महिन्यांत खत होतं, त्यातला हिस्सा त्यांच्या तुळशी-जास्वंदीला गेला पाहिजे.

वाळला पाला जाळू नका, वर धूर जातो हे एक आणि उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये घातलेली बंदी आहे, दंड ५००० रुपये.

---

वरचा_मजला यांचं उत्तर:

घरमालकांच्या बाजूचं थोडं, कारण ते कोणी मांडलं नाही. काकूंना तुळशीला पाणी घालायला यायचं असतं आणि खालचं दार उघडं, कोणी तिथे भांडी घासतंय, दोरीवर कपडे, म्हणून त्या येणं टाळतात. मग "आपल्याच परसात आपण पाहुणे" असं वाटू लागतं, आणि राग निघतो कंपोस्टवर. जिन्यापासून वृंदावनापर्यंत ३ फूट रुंद वाट कायम मोकळी ठेवा, मांडवाचा वेल तिच्यावर येऊ देऊ नका. कपड्यांची दोरी दुसऱ्या बाजूला. माळी लावणार असाल तर त्याचा वार काका-काकूंना आधी कळवा. रासायनिक फवारणीही सांगून करा, कारण जास्वंदीची फुलं देवाला जातात आणि कढीपत्ता फोडणीत.

---

कलमबहाद्दर:

वरचं सगळं धरून मसुदा देतो, आपल्या हिशेबाने बदला:

"परिशिष्ट क. सोबतच्या नकाशात दाखवलेलं ३० × १८ फुटांचं परस भाड्याच्या जागेत सामील असून घरमालकांना वृंदावन, चेंबर आणि नकाशातील ३ फुटी वाटेच्या वापराचा अधिकार राहील. भिंतीपासून ५ फूट व चेंबरपासून ४ फूट लागवड होणार नाही. बागेला रोज २०० लिटरपर्यंत बोरिंगचं पाणी, दुपारी २ ते ४. लिंबाची तोडणी ठरलेल्या वारांप्रमाणे. यादी १ मधील झाडं घरमालकांची, यादी २ मधील भाडेकरूंची. यादी २ मधील झाडं किल्ल्या देण्यापूर्वी काढता येतील, खड्डे बुजवून. उभं पीक काढण्यास मुदतीनंतर १५ दिवस. प्लिंथ व पाइपची दुरुस्ती घरमालकांकडे. अनामत रकमेतून बागेसाठी कपात फक्त यादी १ मधील झाडाची हानी झाल्यास."

नकाशा हाताने काढलेला चालेल, पण फुटांत मापं टाका आणि दोघांच्या सह्या नकाशावरही घ्या, नुसत्या शेवटच्या पानावर नको. सहीच्या दिवशी परसाच्या चारी कोपऱ्यांतून फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा. यादी २ मध्ये नवं रोप वाढवलं की तारीख घालून दोघांची छोटी सही.

---

माती_पाणी_उतार:

मसुद्यात एक भर घाला. वाफा काढल्यावर त्या जागेची माती लगेच सिमेंटने झाकू नका. भिंत निदान एक उन्हाळा वाळू द्या, आतलं पापुद्र्यांचं प्लास्टर त्यानंतरच. ओल आत असताना प्लास्टर केलं तर ते परत सुटतं, आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा यावरून नवा वाद उभा राहतो. तेव्हा प्लिंथ प्रोटेक्शन आणि आतलं प्लास्टर यांची तारीख पुढच्या जूनची टाका, पावसाच्या आधीची.